१/२ + १/३ = २/५ लिहिणाऱ्या लेकराला अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी कशी शिकवावी?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. लेक सहावीत आहे, सेमी-इंग्रजी शाळेत. १/२ + १/३ चं उत्तर ती २/५ लिहिते. सरांनी नियम पन्नास वेळा लिहून घेतला. तुम्ही रोज संध्याकाळी लसावि काढायचा सराव घेता. आठ दिवस बरोबर येतं, नंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. आणि सव्वातीनातून १ पूर्णांक २/३ वजा करायला दिलं की रडकुंडीला येते. आणखी सराव द्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

नको. लसाविचा सराव सध्या बंदच करा. तिचं अडलंय ते लसाविपाशी नाही, त्याच्या बरंच अलीकडे.

मी अंबाजोगाई भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत सव्वीस वर्षं गणित शिकवलं. पहिली पाच-सहा वर्षं तुमच्या लेकीच्या सरांसारखंच शिकवलं: आधी लसावि, मग छेद समान करा, मग अंशांची बेरीज. चाचणीत पोरं पास व्हायची आणि दिवाळीनंतर कोरी होऊन यायची. एकदा एका पोरानं विचारलं, "बाई, वरच्यांची बेरीज करायची तर खालच्यांची का नाही?" मी म्हणाले, "नियम आहे." तो गप बसला. खरं तर पूर्ण वर्गात तेवढा एकच जण विचार करत होता, आणि त्याला मीच गप केलं होतं.

आता आज संध्याकाळी एक करा. वही-पेन न घेता तिला विचारा: अर्धी भाकर ताटात आहे, त्यावर मी भाकरीचा तिसरा हिस्सा ठेवला, तर ताटात अर्ध्याहून जास्त झालं की कमी? ती म्हणेल, जास्त. मग विचारा: २/५ म्हणजे पाच सारख्या तुकड्यांतले दोन, हे अर्ध्याहून जास्त की कमी? इथे ती बहुतेक थबकेल, कारण तिच्या लेखी २/५ ही एक राशी नाहीच. मधे रेघ मारलेले ते दोन सुटे आकडे आहेत. दोन आकडे वर, दोन आकडे खाली, मग बेरजेचं चिन्ह दिसलं की वरचे वर आणि खालचे खाली मिळवायचे. तिच्या दृष्टीनं ती बरोबरच वागतेय.

आणि यात तिचा दोष किती? शाळेतली उत्तरपत्रिका काढून बघा. पहिल्या प्रश्नाला १८/२०, दुसऱ्याला २४/३०, आणि वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं एकूण ४२/५०. अगदी तिच्याच पद्धतीनं केलेली बेरीज, आणि तीही तिच्या सरांच्या हातची! क्रिकेटमध्येही तेच: आधीच्या दोन चेंडूंत एक चौकार, पुढच्या तीन चेंडूंत एक, म्हणजे पाच चेंडूंत दोन. हे हिशेब चुकीचे नाहीत. फक्त तिथे प्रत्येक वेळी 'पूर्ण' वेगळं आहे. एक पूर्ण वीस गुणांचं, दुसरं तीस गुणांचं, आणि बेरजेत पूर्णही वाढत गेलं. अपूर्णांकांच्या बेरजेत मात्र पूर्ण एकच असतं आणि ते वाढत नाही. भाकर एकच, वावर एकच, तास एकच. हा फरक तिला उत्तरपत्रिका समोर ठेवूनच सांगा, लपवू नका. मी हे सांगायला लागले तेव्हा वर्गातल्या निम्म्या लेकरांच्या तोंडावर "मग हे आधी का नाही सांगितलं?" असं स्पष्ट दिसायचं.

आता मूळ गोष्ट. छेद ही मोजायची संख्या नाही, ते तुकड्याचं नाव आहे. अंश म्हणजे त्या नावाचे किती तुकडे. 'तीन छेद चार' असं वाचलं की हे नाव हरवतं, कानाला दोन आकडेच ऐकू येतात. म्हणून महिनाभर घरात 'छेद' शब्दच वापरू नका. 'तीन चतुर्थांश' म्हणा, 'तीन पाव' म्हणा, 'सहापैकी पाच हिस्से' म्हणा. दोन पाव आणि एक पाव मिळून किती? तीन पाव. इथे कोणतंही लेकरू 'तीन आठवे' म्हणत नाही. नाव तसंच राहतं, संख्या वाढते. समान छेदांची बेरीज एवढीच आहे आणि तिला पाच मिनिटांहून जास्त वेळ देऊ नये.

खरी मेख नावं वेगळी असताना आहे. बरेच शिक्षक तिथे आंबे-चिकूचं उदाहरण देतात: दोन आंबे आणि तीन चिकू मिळवता येत नाहीत, तसंच हे. मला ते कधी पटलं नाही. आंब्याचा चिकू करता येत नाही, पण अर्ध्याचे सहावे हिस्से करता येतात. त्यापेक्षा पैशांकडे जा. वेगवेगळ्या नोटा मिळवायच्या तर दोन्हींचे सुट्टे करायचे. समच्छेद करणं म्हणजे सुट्टे करणं. हा एक शब्द पकडून ठेवा, पुढे वजाबाकीलाही तोच लागणार आहे.

तुमच्या घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना आण्यांचा हिशेब विचारा. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. निजामाच्या राज्यात आपल्याकडे हाली सिक्का चालायचा, त्यातही हाच हिशेब. १९५७ साली दशमान नाणी आली आणि तो व्यवहारातून गेला, पण बोलण्यातून नाही. सोळा आणे खरं आपण अजून म्हणतो, पिकाच्या पैसेवारीला जुनी माणसं अजून आणेवारी म्हणतात. आता रुपयाचा अर्धा म्हणजे आठ आणे, पाव म्हणजे चार. पण तिसरा हिस्सा? सोळाला तीननं भाग जात नाही. पाच आणे होतात आणि एक आणा उरतो. तो मोडायचा, बारा पै होतात, त्यातल्या चार. म्हणजे तिसरा हिस्सा पाच आणे चार पै. अर्धा अधिक तिसरा हिस्सा: तेरा आणे चार पै. अर्ध्या रुपयाहून ठळकपणे जास्त. आपल्या माणसांनी हा समच्छेद कागदाशिवाय, तोंडी केलेला आहे.

हाच खेळ एकरावर करा. एकराचे चाळीस गुंठे. पाव एकर म्हणजे दहा गुंठे, पाचवा हिस्सा आठ गुंठे, दोन्ही मिळून अठरा गुंठे, म्हणजे १८/४०, म्हणजे ९/२०. घड्याळावर करा: अर्धा तास तीस मिनिटं, तिसरा हिस्सा वीस, मिळून पन्नास मिनिटं, म्हणजे ५०/६०, म्हणजे ५/६. विहिरीची पाणीपाळी वाटून घेणाऱ्या घरातल्या लेकरांना हे सांगावंच लागत नाही. आमच्या एका मुलीनं मला तोंडी सांगितलं होतं की मोठ्या काकाची पाळी अर्धी, आमची तिसरा हिस्सा, "अन् उरलेलं आजीच्या भाजीला." उरलेलं किती, विचारल्यावर म्हणाली, "तासाला धा मिनिटं." १/६. तिच्या वहीत मात्र त्याच बेरजेखाली २/५ होतं.

आता हातानं करायचं काम. चौकटीच्या वहीतून एक चौकट रुंद आणि बारा चौकटी लांब अशा आठ-दहा पट्ट्या कापा. भाकरीवरून सुरुवात केली तरी काम पट्टीवरच करा. गोलाचे अर्धे आणि चतकोर नीट होतात, पण तीन किंवा पाच सारखे भाग तुम्हाला-मलाही करता येत नाहीत. शिवाय दोन भाकरी कधी एका मापाच्या नसतात. पट्टी प्रामाणिक असते.

पहिल्या दिवशी फक्त घड्या. एका पट्टीचे दोन भाग, दुसरीचे तीन, तिसरीचे चार, चौथीचे सहा. प्रत्येक तुकड्याच्या पाठीमागे नाव लिहायचं: अर्धा, तिसरा, पाव, सहावा. मग एकमेकांवर ठेवून बघायचं: अर्ध्यावर किती सहावे बसतात? तिसऱ्यावर किती? ती स्वतः म्हणेल की तीन सहावे आणि दोन सहावे. तुम्ही बोलू नका. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी अर्धा आणि तिसरा शेजारी शेजारी ठेवा आणि विचारा, याला काय म्हणायचं? याला कोणतंच एक नाव नाही. सगळे सहावे केले की नाव मिळतं: पाच सहावे. इथे तिला समच्छेदाची गरज वाटते. गरज वाटण्याआधी दिलेला नियम टिकत नाही, तुमचं आठ दिवसांनी विसरणं त्यातलंच आहे.

आणि एकदा मुद्दाम एक पट्टी आखूड कापा. आखूड पट्टीचा अर्धा आणि लांब पट्टीचा तिसरा हिस्सा तिच्यासमोर जोडा आणि विचारा, हे चालेल का? उत्तरपत्रिकेचा गोंधळ इथे कायमचा मिटतो.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून प्रश्न उलटा करा: किती चौकटींची पट्टी घेतली तर पाव आणि सहावा, दोन्ही हिस्से बरोबर रेघेवर येतील? कुणी चोवीस म्हणतं, कुणी बारा. दोन्ही बरोबर आहेत. चोवीस म्हणणाऱ्याला चूक म्हणू नका. ६/२४ + ४/२४ = १०/२४ आणि ३/१२ + २/१२ = ५/१२, एकच लांबी. फक्त बारात चिल्लर कमी सांभाळावी लागते. सात-आठ जोड्या झाल्या की ती आपोआप सगळ्यात लहान पट्टी शोधायला लागते. मग सांगा: हीच संख्या म्हणजे लसावि, तुमच्या शाळेतला एलसीएम. बारशाचं असंच असतं, आधी लेकरू, मग नाव. आणि १०/१२ चं ५/६ करणं, म्हणजे संक्षिप्त रूप देणं, हे सुट्टे देऊन बंदे घेणं आहे. रक्कम बदलत नाही.

पट्टीनंतर एक चित्र जरूर दाखवा, वावराचं. २/३ + १/४ साठी चौकटीच्या वहीत तीन आडव्या आणि चार उभ्या ओळींचं आयत काढा, बारा चौकटी होतात. तीन आडव्या ओळींतल्या दोन म्हणजे आठ चौकटी सोयाबीन. चार उभ्या ओळींतली एक म्हणजे तीन चौकटी तूर. अकरा झाल्या, ११/१२, एक चौकट पडीक. (दोन्ही एकावर एक रंगवू नका, चौकटी मोजून शेजारी मांडा, नाहीतर नवाच घोळ.) या चित्रातून आणखी एक चूक सुटते, जी तुमची लेक पुढच्या महिन्यात करणार आहे: छेद बारा करायचा, पण अंश तसाच ठेवायचा. २/३ चं २/१२ आणि १/४ चं १/१२, उत्तर ३/१२. मग म्हणा, "नोट दिलीस, सुट्टे घेतलेच नाहीस." माझ्या वर्गात हे वाक्य पुढे लेकरंच एकमेकांना ऐकवायची.

'समच्छेद' हा शब्द जुना आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत तो आहे आणि दोन्ही रस्ते आहेत: एकमेकांच्या छेदांनी गुणा, किंवा छेदांना आधी समान अवयवानं भागून मग गुणा. पहिला सोपा, दुसरा आटोपशीर. आता क्लासवाले पहिल्याला तिरका गुणाकार किंवा फुलपाखरू म्हणून शिकवतात, नवोदयच्या तयारीत तर सर्रास. लातूर-नांदेडला राहणाऱ्यांना यावर वेगळं सांगायला नको. माझा त्याला विरोध नाही, घाईला विरोध आहे. अर्थ कळलेल्या मुलीला फुलपाखरू द्या, वेळ वाचतो. न कळलेल्या मुलीला दिलं तर ती गुणाकारातही फुलपाखरू उडवते. शिवाय तीन अपूर्णांक आले की ते कोलमडतं, आणि ५/१२ + ७/१८ ला २१६ छेद घेऊन १७४/२१६ चं संक्षिप्त रूप काढत बसावं लागतं. छत्तीस घेतले तर १५ आणि १४, एकोणतीस छत्तिसांश, संपलं.

प्रत्येक उत्तराआधी अंदाज सांगायची सवय मात्र पहिल्या दिवसापासून हवी. यासाठी मी इतिहासाच्या तासातला हिशेब वापरायचे. १७१९ मध्ये मराठ्यांना दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, आपला औरंगाबाद सुभा त्यातच. चौथाई म्हणजे १/४, सरदेशमुखी १/१०. दोन्ही मिळून किती? वर-वर खाली-खाली केलं तर २/१४, म्हणजे १/७, नुसत्या चौथाईहूनही कमी. म्हणजे सरदेशमुखी मिळाल्यावर वसूल घटला! पोरं हसायची आणि स्वतःच वीस हिस्से करायची: पाच आणि दोन, ७/२०.

आता वजाबाकी. इथे आपली भाषा आपल्या बाजूनं आहे, फक्त शाळेत तिचा उपयोग कुणी करत नाही. पाऊण म्हणजे पादोन, पाव उणे. पावणेदोन म्हणजे दोनात पाव कमी. प्रत्येक 'पावणे' ही केलेली वजाबाकीच आहे, तशी सव्वा आणि साडे ही केलेली बेरीज. आठवडी बाजारात आईबरोबर बसणाऱ्या लेकराला पावणेदोन किलो वांगी कळतात, पण १ पूर्णांक ३/४ कळत नाही, कारण दोन्ही एकच आहेत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. तुमच्या लेकीला पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच येतात का, आधी बघा. सेमीच्या मुलांना हल्ली बऱ्याचदा येत नाहीत. येत नसतील तर आठवडाभर दूध, डाळ, पेट्रोल, सगळं याच शब्दांत बोला.

कोयत्यावर जाणाऱ्या घरांतली लेकरं आठवतात मला इथे. ऊसतोडीत जोडप्याला एक कोयता म्हणतात, एकट्याला अर्धा. माय-बाप आणि मोठा भाऊ गेले तर दीड कोयता. त्या उचलीचा हिशेब बारा वर्षांचं पोरगं तोंडी सांगायचं. पण दिवाळीच्या सुमारास ती जायची आणि पाडव्याच्या आसपास परतायची, तोवर वर्गातले अपूर्णांक होऊन गेलेले असायचे. त्यांच्यासाठीच मी हा पट्ट्यांचा पाच दिवसांचा आटोपशीर मार्ग बसवला. तुम्हाला सांगतेय तो तोच.

तर तुमचं गणित: सव्वातीनातून १ पूर्णांक २/३. आधी अंदाज. १ पूर्णांक २/३ हे पावणेदोनाहून किंचित कमी आहे. सव्वातीनातून पावणेदोन गेले तर दीड उरतात. म्हणजे उत्तर दीडाहून किंचित जास्त यायला हवं. आता सुट्टे करा, बारावे. ३ पूर्णांक ३/१२ मधून १ पूर्णांक ८/१२. तीनातून आठ जात नाहीत. एक पूर्ण मोडायचा. आणि इथे लेकरं हमखास दहा आणतात! उसना म्हणजे दहा, हे पहिली-दुसरीपासून हाडात बसलेलं असतं. मग तेरातून आठ गेले पाच, उत्तर १ पूर्णांक ५/१२. तिची जुनी वही तपासा, मला जवळपास खात्री आहे की हीच चूक सापडेल. तिला विचारा, "एक अख्खी पट्टी मोडलीस, तिचे बारावे किती झाले?" बारा. दहा कुठून आले? बारा आणि तीन पंधरा, पंधरातून आठ गेले सात, पूर्णांकांत दोनातून एक गेला एक. १ पूर्णांक ७/१२. दीड म्हणजे १ पूर्णांक ६/१२, त्याहून किंचित जास्त. अंदाज जुळला.

दुसरा रस्ता किराणा दुकानदाराचा, मोड परत देतानाचा. तो वजाबाकी करत नाही, चढत जातो. १ पूर्णांक २/३ पासून दोनापर्यंत १/३, दोनापासून तीनापर्यंत एक, तीनापासून सव्वातीनापर्यंत पाव. मिळून १ आणि १/३ आणि १/४, म्हणजे १ पूर्णांक ७/१२. रडकुंडीला येणाऱ्या मुलींना हा रस्ता आधी द्यावा असं माझं मत आहे, कारण यात उसनवारी नाही. परीक्षेत पायऱ्या शाळेच्या पद्धतीनं लिहायच्या आणि पडताळा या पद्धतीनं घ्यायचा. सगळे पूर्णांकयुक्त आधी अंशाधिक करून टाका, असंही काही जण सांगतात: १३/४ − ५/३. चालतं, उत्तर येतं, पण आकडे फुगतात आणि अंदाज हातून निसटतो. छोट्या संख्यांपुरतं ठेवा.

रोज वीस मिनिटं पुरे. पट्ट्या साधारण दहा दिवसांत ती आपणहून बाजूला ठेवेल, तुम्ही काढून घेऊ नका. गणितं रोज तीन-चारच द्या, पण प्रत्येकाआधी "अर्ध्याहून जास्त की कमी? एकाहून जास्त की कमी?" हे तोंडी. २/५ सारखं उत्तर पुन्हा आलंच तर खोडू नका. पट्टीवर लावून बघ, एवढंच म्हणा.

आणि मधल्या वेळात, भाकरी थापता थापता, असलं काहीतरी विचारत जा. आपल्या तुळजापूर-माहूरसह देवीची पीठं साडेतीन. या साडेतीनाला जुन्या पाढ्यांत औट म्हणायचे, औटकी त्यावरूनच. तर औटातून पावणेदोन गेले, राहिले किती? पहिल्यांदा ती म्हणेल, "आई, तू उत्तरच प्रश्नात सांगितलंस की."